डांबर

सर्वपित्री अमावास्येच्या पहाटे नामीबाय वड्यांचं पीठ मळायला बसली होती. परातीत हात घातला न घातला तोच बांधाच्या अंगानं हाळी आली. एकाची हाळी दुसऱ्यानं उचलली, दुसऱ्याची तिसऱ्यानं, आणि घरांच्या ओळीवरून सरकत सरकत ती तिच्या पडवीपाशी येऊन पोचली.

"खांड पडली गो, खांड पडली."

नामीबायचे पिठाचे हात तसेच राहिले. गडबच्या खालच्या अंगाला, खाडीच्या काठाला ज्यांचा जन्म गेला त्यांना याहून जास्त सांगावं लागत नाही. रात्रीच्या उधाणानं बांध फोडला होता. आता ओहोटी लागली म्हणून पाणी मागं हटलं होतं. दुपारी अमावास्येची भरती चढणार, आणि ती त्या फुटक्या दारातून सरळ शेतात शिरणार. भात पोटरीतून बाहेर पडलेलं, लोंबीत नुकतं दूध भरत होतं. खारं पाणी एकदा उभ्या भातात बसलं की लोंबी पांढरी पडते, आणि जमीन पुढं दोन-तीन वर्षं रुसून बसते.

खांडीच्या सगळ्यात जवळचं शेत तिचं होतं.

तिनं हात धुतले, परात फडक्यानं झाकली, देवापुढची वात सारखी केली. अमावास्येला मुलाच्या नावानं पान वाढल्याशिवाय ती पाण्याचा घोटही घेणार नव्हती. अमोल जाऊन वर्ष भरायला अजून दोन महिने होते. मार्गशीर्षात कावीळ झाली आणि आठवड्यात माणूस गेला. त्याच्या नावाचं पहिलंच पान होतं हे.

"काळूदादा," गावातला हिरामण दारातूनच बोलला. त्याचे पाय मांडीपर्यंत चिखलानं माखलेले. "हैबततात्यानं सांगितलंय, गाडी काढ. खांडीतला चिखल काय कामाचा नाय, टाकला की वाहून जातोय. टेकडीखालची चिकण माती आणायला पायजे. ट्रॉली बांधावर जात नाय, आणि दुसरा पिकअप भाजी घेऊन वाशीला गेलाय."

नामीबायचा नवरा काळूराम पडवीत उकिडवा बसून दात घासत होता. त्यानं चूळ भरली, तोंड पुसलं.

"ती उभी हाय कधीपासून," तो म्हणाला.

"उभी हाय ते म्हाईत हाय. गावात आज तीच हाय."

गाडी घरामागं झावळ्यांच्या मांडवात होती. वर ताडपत्री, ताडपत्रीवर दोरी, दोरीला होडीला मारतात तशा गाठी. अमोलची गाडी. आधीच दोन मालकांच्या हातून उतरलेली, जुनी. पण अमोलनं तिच्यावर पेण-रोहा मार्गावर बर्फ वाहिला, पेंढा वाहिला, गणपतीत मूर्ती वाहिल्या. तो गेल्यावर काळूरामनं गाडी कुणाला हात लावू दिली नाही. स्वतः मात्र दर पौर्णिमेला मांडवात शिरायचा. डब्यात डांबर वितळवायचं, त्यात जरा रॉकेल ओतायचं, आणि चिंधीच्या बोळ्यानं गाडीच्या खालून, चाकांच्या आतून, बॉनेट उघडून जिथं म्हणून उघडं लोखंड दिसेल तिथं फासायचं. बाप होडीला असंच करायचा. खारा वारा लोखंड खातो, लाकूड खातो, माणसाची हाडंसुद्धा खातो. डांबर लावलं की तो बाहेर राहतो. त्या दिवशी काळूराम कमी जेवायचा. रात्री त्याच्या हातांना वास यायचा आणि नामीबाय भिंतीकडं तोंड करून निजायची.

सून भूमिका एकदाच बोलली होती, तीही हळू आवाजात. "बाबा, उभी गाडी सडते. आठवड्याला एकदा तरी चालू करत जा."

"त्याची हाय. बसलीय, तर बसू दे," एवढंच तो म्हणाला होता.

आज भूमिकेनं फळीवरून चावी काढून आणली आणि त्याच्या हातात दिली. हिरामणनं हैबतरावाच्या ट्रॅक्टरची बॅटरी उचलून आणली. ताडपत्री निघाली. काळूराम आत बसला, सेल्फ मारला. गाडी दोनदा खोकली, तिसऱ्यांदा थोडी धरल्यासारखी वाटली आणि मेली. पुन्हा मारला. नुसतं घरघरणं.

"ताजूभायला आणतो," म्हणून हिरामण मोटारसायकलवर बसला.

ताजुद्दीनचं गॅरेज गडब नाक्यावर, हायवेला लागून. साठीला टेकलेला माणूस, दाढी मेंदीनं तांबूस. अमोल शाळेतून पळून त्याच्याकडंच बसायचा. पहिला पाना त्यानंच त्याच्या हातात दिलेला. पोत्यात हत्यारं आणि खोक्यात नवा फिल्टर घेऊन तो आला. बॉनेट उघडलं, वाकला, आणि तसाच वाकलेला राहिला.

"टाकीत पाणी धरलंय, फिल्टर तुंबलाय. तेवढंच काम हाय," तो म्हणाला. मग त्यानं बोट लावलं आणि बोटाकडं पाहिलं. "काळूदादा, ही गाडी हाय का मचवा?"

माती भरायच्या पाट्या घेऊन चार-पाच माणसं मांडवापाशी जमली होती. ती हसली. हिरामण म्हणाला, "वल्हं कुठं ठेवलंय ते इचार." पुन्हा हसली. काळूराम स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिला. नामीबायला वाटलं, पदर टाकून तेवढं बॉनेट झाकावं.

हाताच्या पंजात मावेल एवढा तो फिल्टरचा डबा. पण डबा कुठं संपतो आणि वरची बैठक कुठं सुरू होते ते दिसत नव्हतं. थरावर थर बसून दोन्ही एक झालं होतं. खाली पाणी सोडायची चकती असते, ती तर सापडेचना. ताजुद्दीननं पट्ट्याचा पाना डब्याभोवती आवळला आणि जोर लावला. पट्टा डांबरावरून घसरला आणि त्याच्या मनगटाचं सालडं निघालं. त्यानं रॉकेलच्या चिंधीनं डबा पुसला, पुन्हा आवळला. हिरामणनं मागून हात लावला. डबा चेपला, पण हलला नाही.

"नाय येत असा." ताजुद्दीननं पोत्यातून हातभर लांब डिसमिस काढला. "हा आरपार ठोकतो, आणि ह्यालाच दांडा करून फिरवतो. फिल्टर बाद हाय, फाटला तर फाटू दे."

त्यानं हातोडी उचलली. काळूराम मध्ये आला. धावला नाही, ओरडला नाही. येऊन नुसता त्या डब्यावर हात ठेवून उभा राहिला.

"फोडायचा नाय."

"दादा, नवा आणलाय मी."

"त्यानं बसवलेला हाय."

ताजुद्दीननं हातोडी खाली ठेवली. मनगटावरचं रक्त त्यानं लेंग्याला पुसलं आणि नामीबायकडं न बघता म्हणाला, "वैनी, जरा गरम पाणी टाका. डांबर मऊ पडतंय का बघू."

ज्या चुलीवर वड्यांची कढई चढायची तिच्यावर नामीबायनं हंडा चढवला. फडकी गरम पाण्यात बुडवायची, पिळायची, डब्याभोवती गुंडाळायची. डांबर मऊ पडायचं, बोटांना चिकटायचं, आणि आतले आटे तसेच घट्ट. काळूराम ती फडकी स्वतः गुंडाळत होता. अंगात ताप असलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावी तशी हलक्या हातानं. नामीबायला ते बघवेना. ती पाण्याच्या निमित्तानं घरात गेली, आणि तिथंही चुलीपुढं बसवेना.

पहिला हंडा संपला, दुसरा संपला. ऊन मांडवाच्या झावळ्यांतून खाली उतरलं. बांधावरून माणसांचा आवाज येत होता, लांबून, एका सुरात. हिरामण जाऊन पुन्हा आला.

"झाली का आंघोळ गाडीची?" त्यानं विचारलं. या वेळी कुणी हसलं नाही. "ओहोटी थांबलीय. पाणी आता वळंल. तात्या इचारतोय, काय सांगू?"

"सांग येतोय," काळूराम म्हणाला.

"कवा?"

त्यानं तिसरं फडकं उचललं.

नामीबायच्या तोंडाशी शब्द आला होता. अहो, शेत जाईल. एवढाच. पण बत्तीस वर्षांच्या संसारात तिनं त्याला कुणासमोर टोकलं नव्हतं, आणि आज तर त्याच्या हातात फडकं नव्हतं, दुसरंच काही होतं. तिनं मनात देवाचं नाव घेतलं. ते घेतानाही डोळ्यांपुढं लोंब्याच आल्या.

तेवढ्यात मांडवाच्या खांबाला टेकून उभी असलेली भूमिका पुढं झाली.

"बाबा," ती म्हणाली, "त्यांनी हा बसवला तेव्हा उजेडाला बॅटरी मी धरली होती. मी म्हटलं, पान्यानं आवळा, सैल राहील. तर म्हणाले, नाय गो, हा हाताच्या जोरानंच बसवायचा. पुढच्याला काढता आला पायजे."

काळूरामच्या हातातल्या फडक्यातून पाणी गळत होतं. ते सगळं गळून गेलं.

"असं म्हणला?"

"व्हय."

त्यानं फडकं बॉनेटच्या कडेला वाळत घालावं तसं पसरून ठेवलं. मग तो बाजूला झाला. जाताना ताजुद्दीनच्या खांद्याला हात लावला, एवढंच. मांडवाबाहेर नारळाच्या बुंध्याशी जाऊन पाठ करून बसला.

ताजुद्दीननं "बिस्मिल्ला" म्हटलं आणि डिसमिस टेकवला. पहिल्या घावाला पत्रा आत गेला, दुसऱ्याला फुटला. आतून आधी काळं आणि मग गढूळ, तांबूस पाणी आलं, नामीबायनं खाली धरलेल्या ताटलीत सांडलं आणि तिच्या कोपरापर्यंत ओघळलं. तिनं हात काढला नाही. डिसमिस पलीकडून बाहेर निघाला, ताजुद्दीननं दोन्ही टोकं धरली आणि फिरवलं. डबा कागदासारखा फाटला. पिळा पडून तो अर्धा त्याच्या हातात आला, आणि वरची जाड कडी आट्यांवर तशीच बसून राहिली.

"या अल्ला," तो हळूच म्हणाला. "छिन्नी दे."

कडीच्या कडेला छिन्नी लावून एकेक घाव घालायचा, गोल, उलट्या दिशेनं. जागा इतकी अडचणीची की हातोडी पुरती मागं घेता येत नव्हती. जोरात मारलं तर बैठकच तडकायची. ताजुद्दीनच्या कपाळावरचा घाम डोळ्यात उतरत होता; भूमिका पदरानं पुसत होती, आणि तो "ऱ्हावदे बेटा" म्हणत होता, पण तोंड मागं घेत नव्हता. टक, टक, टक. कधी काळूराम उठून आत आला ते नामीबायला कळलं नाही. त्यानं वाकून छिन्नी धरली.

"मी धरतो. तू मार."

"बोट जाईल, दादा."

"जाऊ दे. मार."

एक घाव खरंच चुकला. काळूरामच्या अंगठ्याचं नख काळं पडलं. त्यानं हात हलवला नाही. नंतरच्या घावाला कडी किंचित सरकली. इतकी किंचित, की ताजुद्दीननं पुन्हा बोट लावून पाहिलं. मग ती करकरली, सुटली, आणि काळूरामच्या तळहातात आली. त्यानं ती सदऱ्याच्या खिशात टाकली.

नव्या फिल्टरच्या रबराला ताजुद्दीननं डिझेलचं बोट फिरवलं आणि तो आट्यांवर चढवला. शेवटचे दोन फेर राहिले तेव्हा मागं सरला. "तू आवळ. हातानं." काळूरामनं आवळला. काळ्या नखाचा अंगठा डब्यावर दाबताना त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. मग टाकीतलं पाणी काढलं, कॅनमधलं डिझेल ओतलं, हातपंप मारून मारून नळीतली हवा काढली. सेल्फ मारला. गाडीनं पांढरा धूर सोडला, थरथरली, आणि धरली.

सावल्या पायाशी आल्या होत्या.

"आई," भूमिका म्हणाली, "पान राहिलं."

"पाटी घे," नामीबाय म्हणाली. "तो समजून घेईल."

टेकडीखाली बायका कुदळीनं ढेकळं काढून तयारच होत्या. गाडी भरली. चिखलाच्या वाटेनं ती वाकडीतिकडी होत बांधाकडं निघाली तेव्हा नामीबाय मागं मातीवर बसली होती, फळीला धरून. काळूराम हळू चालवत होता. खड्डा आला की थांबायचा, उतरायला लागतंय का बघायचा. पोराच्या गाडीला हिसका बसू नये म्हणून. दोन्ही बाजूंना भात उभं होतं, हिरवंपिवळं, वाऱ्यानं एका अंगाला झुकलेलं, आणि त्याचा तो दुधाचा वास.

खांडीपाशी गाडी थांबली आणि सगळ्यांनी वळून पाहिलं. पाणी आत यायला लागलं होतं. सकाळी दोन माणसं हात पसरून उभी राहिली असती एवढी खांड होती, म्हणे. आता तिच्या दोन्ही कडा ढासळून गाडी आडवी घातली तरी पुरली नसती. माणसं छातीएवढ्या पाण्यात बांबू धरून उभी होती. पहिल्या खेपेची सगळी माती त्यांनी टाकली. पाण्यानं ती गिळली, थोडं तांबडं झालं आणि पुन्हा वाहू लागलं.

"दोन खेपा आधी येती तर..." पाट्या देणारी एक बाई म्हणाली. शेजारणीनं तिला कोपर मारलं. नामीबायनं ऐकलं होतं. नामीबायनं ऐकलं ते त्या बाईलाही कळलं होतं.

हैबतराव बांधावर बसला होता. ऐंशीच्या पुढचा म्हातारा, गुडघ्यापर्यंत धोतर खोचलेलं. गावाच्या बांधाचं त्याच्या शब्दाबाहेर काही होत नसे. त्यानं पाण्याकडं पाहिलं, सूर्याकडं पाहिलं. मग बांबूचा आधार घेत उठला, बांधावरून खाली उतरला आणि आतल्या अंगाला चालू लागला. सगळे त्याच्याकडं बघत होते. तो एका शेताच्या मेरेनं, बुटक्या आतल्या बांधानं, गेला, ते शेत ओलांडून पलीकडच्या मेरेवर पोचला, आणि तिथं त्यानं बांबू आडवा ठेवला.

तोंडानं तो काही बोलला नाही. असं बोलायचं नसतं. खांड बुजत नाही असं झालं की आतली एखादी मेर उंच करून पाणी तिथं अडवायचं, बाकीची शेतं वाचवायची. आणि बांबूच्या बाहेर जे शेत राहील ते समुद्राला द्यायचं. कुणाचं ते गावानं म्हणायचं नाही. ज्याचं असेल त्यानंच येऊन मेरेवर पहिली पाटी टाकायची. मग बाकीच्यांचे हात मोकळे होतात, आणि पुढं जन्मभर कुणी कुणाला बोल लावत नाही.

बांबूच्या बाहेर एकच शेत होतं.

गाडी दुसरी खेप घेऊन आली. या वेळी काळूरामनं ती कुणी न सांगता सरळ मेरेकडं घातली. थांबवली. इंजिन चालूच होतं. तो खाली उतरला नाही. दोन्ही हात स्टेअरिंगवर, नजर काचेबाहेर. माणसं रिकाम्या पाट्या घेऊन भोवती उभी राहिली. पलीकडं पाणी भाताच्या बुडख्यांतून पुढं येत होतं, आवाज न करता, जरासा फेस घेऊन. हिरामणनं तोंड फिरवलं. ताजुद्दीनही मागून चालत आला होता. तो मान खाली घालून उभा राहिला.

नामीबायनं गाडीच्या काचेशी जाऊन नवऱ्याकडं पाहिलं. त्याच्या सदऱ्याच्या खिशाशी काळा डाग पडला होता.

"उतरता?" तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली. नाही. मग अगदी हळू म्हणाला, "मीच उशीर केला गो."

"व्हय," ती म्हणाली.

खोटं बोलावं असा तो दिवस नव्हता. तिनं त्याच्या काळ्या अंगठ्यावर क्षणभर आपली बोटं ठेवली. मग मागं गेली आणि ढेकळं ओढून पाटी भरली. कुणी तिला हात लावायला पुढं आलं नाही. आलं असतं तरी तिनं लावू दिला नसता. पाटी डोक्यावर घेतली. पोटात सकाळपासून पाणी नव्हतं, मान लटपटली. ती आपल्या शेतात उतरली, कारण मेरेच्या गावाकडच्या अंगाला गाडी आणि माणसं दाटली होती. घोट्यापर्यंत पाणी लागलं. गार होतं. लोंब्या मांडीला घासल्या. तिनं मेरेकडं तोंड केलं, गावाकडं तोंड केलं, आणि पाटी उपडी केली.

त्याबरोबर मागच्या बाया पुढं सरल्या. माणसं सरली. पाटीमागून पाटी पडू लागली, कुणी पायानं तुडवू लागलं, कुणी पेंढा अंथरू लागलं. नुसता ओल्या मातीचा धप्पधप्प आवाज, आणि त्यात कधीतरी काळूराम खाली उतरून पाट्या भरून देऊ लागला. मेर वर येऊ लागली. आधी नामीबायच्या गुडघ्याएवढी, मग कमरेएवढी.

ती अजून भाताच्या बाजूलाच उभी होती. पाणी पोटरीला लागलं होतं.

"वैनी," हिरामणनं वरून हात पुढं केला. त्याच्या आवाजात सकाळचं काही उरलं नव्हतं. "आता या अंगाला ये."

तिनं एकदा मागं पाहिलं. मग त्याचा हात धरला.